एक स्टेशन आधी

फुटबॉलवाल्यांच्या किश्श्यांचं किटबॅगेतल्या मोज्यांसारखं असतं. रोज नवे भरत जातात, बाहेर कोण काढत नाही, आणि एक ओढला की सगळा ढीग पायावर! आमचे इंगळे सर गेल्यापासनं आम्ही जुनी टीम अधनंमधनं राजारामपुरीत चहाला जमतो. सुरुवात हसण्यानं होते. चहा संपेपर्यंत कुणीतरी नाक पुसत असतं.

०

सर आमच्या युनिव्हर्सिटी टीमचे कोच. आवाज असा, की ग्राउंडवर ओरडले की रस्त्यावरची रिक्षा थांबायची!

एकदा समोरच्या टीमचा डिफेंडर बॉल घेऊन निघाला होता. सर लाइनीवरनं कडाडले, "सोड की बॉल! सोड म्हणतोय न्हवं!" त्या बिचाऱ्यानं घाबरून खरंच सोडला. आमच्या अक्षयनं पळत जाऊन गोल ठोकला.

त्यांचा कोच भांडायला आला. सर शांतपणे म्हणाले, "पावणं, तुमचं पोरगं लई शिस्तीचं हाय!"

०

अक्षय एका पेठेचा, इरफान दुसऱ्या पेठेचा. लहानपणापासनं एकमेकांच्या तालमीच्या फुटबॉल टीमविरुद्ध खेळलेले. युनिव्हर्सिटीची जर्सी एकच, पण हे दोघं एकमेकाला पास देतील तर शपथ!

सरांनी दोघांना मेसमध्ये एका ताटात जेवायला बसवलं. पहिल्या दिवशी दोघंही तोंड फिरवून जेवले. पुढं पुढं इरफान तांबड्या रश्श्याची वाटी अक्षयकडं सरकवायला लागला. सर मागं उभेच! "रस्सा पास करतोस, मग बॉल का न्हाय रं?"

तिथनं पास सुरू झाले.

०

मग सरांचा घसा बसला. सर म्हणाले सर्दी, डॉक्टर म्हणाले कॅन्सर. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच.

ते परत प्रॅक्टिसला ग्राउंडवर आले तेव्हा आम्ही नुसतेच उभे. शिव्या न खाता खेळायचं कसं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं! सर हात हलवायचे, आम्हाला काही कळायचं नाही. शेवटी आमचा गोलकीपर सत्या, गारगोटीचा, सरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सरांचा हात बघायचा आणि बोंबलायचा, "अक्षय, पाय हाय का टेकू दिलाय रं!"

हसून हसून सरांचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकलो आणि रडून घेतलं.

०

त्या वर्षी ऑल इंडिया स्पर्धा लांब उत्तरेत होती. सरांना प्रवास बंद. निघताना काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, मला बाजूला घेतलं. "आता लई दिवस न्हाईत त्यांचं. एकदा कप दिसू दे रं त्यास्नी."

रोज मॅच झाली की व्हिडिओ कॉल. जिंकलो की सर चमच्यानं ताट बडवायचे. सेमीफायनलला तर इतकं बडवलं, की मागनं काकू ओरडल्या, "अवो, ताटाला पोचा आला!" नाद खुळा! आम्ही हॉस्टेलच्या जिन्यात नाचलो.

फायनल टायब्रेकरवर गेली. सत्यानं दोन पेनल्टी अडवल्या. शेवटची हातातनं निसटून आत गेली.

त्या दिवशी कॉल कुणी लावला नाही. काकूंचा आला, तो कुणी उचलला नाही.

०

गाडीत सत्या खिडकीकडं तोंड करून बसलेला. "फुटबॉल बंद. सरांना तोंड दाखवत न्हाय मी." एवढंच बोलला, जेवला तर नाहीच.

आमच्याकडं जिंकलेली टीम गुलालात, हलगीवर नाचत येते. हरलेली गल्लीबोळातनं गुपचूप घर गाठते. अक्षय म्हणाला, "स्टेशनवर लोकं असणार. एक स्टेशन आधी उतरूया." सगळ्यांना पटलं. बॅगा खांद्यावर टाकून, माना खाली घालून, उचगावातनं चालत निघालो.

तेवढ्यात काकूंचा फोन. ह्यावेळी मी उचलला.

"कुठं हायसा रं पोरांनो? गाडी रिकामी झाली. डॉक्टर नको म्हणत असताना आल्यात हे, आणि आता बाकावरनं उठंनात!"

मिळतील त्या रिक्षा पकडून स्टेशनवर पळालो. सर बाकावर शाल गुंडाळून बसलेले. निम्मे झालेले. मांडीवर झेंडूचा हार. सत्या आमच्या मागं लपला होता, पण सरांनी बोटानं त्यालाच पुढं बोलावलं. तो पाया पडायला वाकला, तशी सरांनी सणसणीत एक कानाखाली दिली. मग हार त्याच्याच गळ्यात घातला.

जाता जाता एक हमाल थांबला. "काय पावणं, जिंकून आलासा जणू?"

सरांनी त्याच्याकडं बघून जोरात मान हलवली. व्हय!