वर्षभर चालणारा खेळ

माझ्या मुलीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला दोन वर्षं होतील. ती बावीस वर्षांची आहे. आठवड्यातून तीनदा तिला मशीनवर घेतात. तिथून आली की उरलेला दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. पाणी दिवसाला अर्धा लिटर. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. सोलापूरच्या उन्हाळ्यात मी सकाळी बाटली मोजून भरते आणि ती दिवसभर त्या बाटलीकडे पाठ करून बसते.

रविवारी दुपारी तिच्याकडे दोघं येतात, कॉलेजपासूनची. मैत्रीण चिंचोळीच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरवर काम करते, ती मला काकू म्हणते. मित्र रेडिमेड कपड्यांच्या दुकानात आहे, तो मौसी म्हणतो. माझ्या घरात दोघंही पाणी मागत नाहीत. बाहेरून पिऊन येतात.

ते तिघं एक खेळ खेळतात. तो मला फार दिवस कळलाच नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल आणि वीस-वीस बाजूंचे फासे. मित्र गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि काही करायचं म्हटलं की फासा टाकतात. आधी राजा-राक्षसांचा खेळायचे. या उन्हाळ्यात मुलगी म्हणाली, आता सुपरहिरोंचा घेऊ. अंगात शक्ती असलेली माणसं. असे खेळही पुष्कळ असतात म्हणे, त्यातला कुठला घ्यायचा हे महिनाभर चाललं होतं.

मी उंबऱ्यात बसून विड्या वळते. तंबाखूची धूळ मुलीला सोसत नाही. मान खाली घालून त्यांचं ऐकत असते. चारचौघांत मला बोलता येत नाही. कारखान्यात माल द्यायला गेले तरी माझं सगळं शेजारीणच बोलते.

माझी एक किडनी तिला द्यायची असं ठरत आलं होतं. माझ्या तपासण्या झाल्या, जुळतंय म्हणाले. मग तिच्या हृदयाची तपासणी झाली. ती मशीनवर असताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन कागद दिला, बरंच काही बोलले. मी हो हो म्हणत राहिले. मला कळलं नाही हे सांगायची हिंमत झाली नाही. कागद इंग्रजीत होता आणि माझी शाळा चौथीपर्यंत. घरातले सगळे कागद मुलगीच वाचते. पण डॉक्टरांचा चेहरा बघितल्यावर हा कागद तिच्या हातात देववेना. मी तो विडीच्या पानांच्या पिशवीत तळाशी ठेवला आणि रविवारी मैत्रीण येताना दिसली तशी तिला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं.

तिने तो दोनदा वाचला.

"काकू, किडनी बसवता येणार नाही म्हणतायत. हृदय फार कमजोर झालंय तिचं. ऑपरेशन सोसणार नाही."

"मग?"

"मग मशीनच."

"किती दिवस?"

"तसं काही लिहिलेलं नाही यात," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

तिला सांगू नकोस, त्यालाही नको, असं मी म्हटलं. तिने मान हलवली आणि तोंड पुसून आत गेली.

मित्र त्या दिवशी तीन खेळांची पुस्तकं छापून, स्पायरल बांधून घेऊन आला होता. तिन्ही सतरंजीवर मांडून म्हणाला, "बोलो सेठ लोग, कौनसा होना?"

पहिला पातळ होता. एका दुपारी सुरू होऊन त्याच दुपारी संपणारा. "दुसऱ्यात नुसतं गणित आहे," तो म्हणाला. "मुक्का मारायचा तर बेरीज, खायचा तर वजाबाकी." तिसरा विटेएवढा जाड. त्यात सुरुवातीला तुमच्याकडे शक्ती जेमतेम असते, खेळता खेळता वाढत जाते. दर रविवारी बसलं तरी वर्ष जातं.

"हाच," मुलगी म्हणाली. त्याचं बोलणं संपायच्या आत. तिचा सुपरहिरो केव्हाचा ठरलेला होता. पाणी पिणारी बाई. आख्खं धरण पिते, आणि आपल्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो ना, त्या मधल्या दिवसांत घरोघरी पाणी सोडते.

"मतलब तू टँकर," मित्र म्हणाला.

"टँकर स्वतः पितो का रे? ही आधी पोटभर पिते."

ते दोघं हसले. मैत्रीण हसली नाही. "आपण पातळवाला घेऊ या," ती म्हणाली.

"का गं?"

"बरा आहे की. दर रविवारी नवीन गोष्ट."

"महिनाभर तूच म्हणत होतीस, जाडा घेऊ."

"कंपनीत काम वाढलंय. वर्षभर कुणाला जमतंय?"

"रविवारी तुला सुट्टी असते."

"अगे, कल तक तो तूच मेरे पीछे लगी थी," मित्र म्हणाला, "येच का प्रिंट निकाल बोलके. आता काय झालं?"

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांची एक उघडझाप होईल तेवढंच. माझ्या हातात कात्री होती. पान वाकडं कापलं गेलं.

मुलीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या वाकड्या पानाकडे. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्या दोघांना ती येत नाही. मुलगी तेलुगूत म्हणाली, "अम्मा, माझ्या तपासणीचा कागद तू हिला दाखवलास?"

एक शब्दही न कळता मैत्रीण रडायला लागली.

मी पिशवीत हात घालून कागद काढला. कागदाला तंबाखूचा वास येत होता. मुलीने तो सावकाश वाचला, घडी घातली, आणि मित्राला मराठीत सांगितलं, "अम्माची किडनी मला बसणार नाही. हृदय बाद झालंय. जाडा खेळ काढ."

त्याने जाडा खेळ पुढे ओढला. "त्याला चार लोग लगते," तो म्हणाला.

"ही बसेल चौथी."

"मौसी?"

"माझे कागद गल्लीत उभं राहून वाचून घ्यायला हिला तोंड आहे ना? मग खेळायलाही आहे."

मी हात धुतले आणि जाऊन बसले. माझी शक्ती कुठली असं मित्राने विचारलं तेव्हा मी मुलीकडे बघितलं. मुलीने खेळातल्या माझ्या कागदावर स्वतःच लिहिलं, हात, दिसणार नाहीत इतके भरभर चालणारे. खाली कमजोरीचा रकाना होता. तिथे तिने लिहिलं, बोलत नाही. रागाने लिहिलं होतं, पेन्सिलचं टोक तुटलं.

आता अकरा रविवार झाले. पुस्तकाचा पाव भागही सरलेला नाही. मशीनवर तिचं प्रेशर उतरतं, मधेच थांबवावं लागतं. हल्ली पायांवर सूज असते. गेल्या रविवारी ती धरणाच्या भिंतीवर पोचली होती, म्हणजे खेळातली ती. फासा टाकायची तिची पाळी आली आणि ती बसल्या बसल्या झोपली. पेन्सिल बोटांतच.

"आज एवढंच करू या?" मैत्रीण हळूच म्हणाली.

"नको," मी म्हटलं. दोघंही चमकून माझ्याकडे बघायला लागले. "तिची पाळी आहे. ती पिते म्हणून लिही."

"कितना, मौसी?"

"सगळं."

"फासा टाकावा लागतो," मित्र म्हणाला.

मी फासा हातात घेतला नाही. मग त्याने तिच्या कागदावर तसं लिहिलं.

थोड्या वेळाने ती जागी झाली. "माझं काय झालं?"

"प्यायलीस. सगळं धरण," मी म्हटलं.

"फासा टाकला?"

"टाकला."

"किती आले?"

"वीस," मी म्हटलं. वीस सगळ्यांत मोठे.

तिने मित्राकडे बघितलं. तो फाशांची डबी बंद-उघड करत होता. तिने डबीतला फासा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"अम्मा, आता खरा टाक."

मी टाकला. सहा आले.

"सहाला थोडंच पाणी," मित्र खाली बघत म्हणाला. "दो घूंट."

"दोन तर दोन," ती म्हणाली, आणि त्याने लिहिलेलं तिने स्वतःच्या हाताने खोडलं.