गच्चीवरचा भोंगा

भोंगाताईला कुजबुजता येत नसे. "हे कुणाला सांगू नको हं," असं ती माझ्या कानात म्हणाली, की खाली मेसच्या रांगेतल्या पोरी वर बघायच्या. होस्टेलनं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. ती देवगाव रंगारीची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी सोयगावची, पहिल्या वर्षाला, तिच्याच खोलीत. माझा आवाज म्हणाल तर शेजारच्या खाटेपर्यंतही पोचायचा नाही.

दहावी मराठीतून आणि बारावी पाठांतरावर काढलेली मी संभाजीनगरात येऊन पार गांगरले. सर इंग्रजीतून भराभर सांगत जायचे, मी मान डोलवायची आणि खोलीवर येऊन सगळं घोकायची. पहिल्याच तोंडी परीक्षेला सरांनी आधी नाव विचारलं. पहिला प्रश्न म्हणून जे घोकून गेले होते तेच बाहेर पडलं: अख्खा ओहमचा नियम, इंग्रजीतून, एका दमात! मागं उभी असलेली बॅच पोट धरून हसली.

खोलीवर येऊन मी बॅग भरायला घेतली. निघताना वडील म्हणाले होते, "नाय जमलं तर ये परत, त्यात काय." परत गेले की शिक्षण कायमचं सुटणार, हे कळत होतं, तरी भरत होते. भोंगाताईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती चक्क बॅगेवर बसली.

"नियम बरोबर सांगितला का?"

"हो."

"मग झालं की! नाव पाठ करायला असा कितीक वेळ लागतोय?"

रडता रडता मला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गच्ची. कपडे वाळत घालायच्या तारेच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. माझं उत्तर पोचलं नाही की ती ओरडायची, "ऐकू येत नाय!" पोचलं, पण घोकलेलं असलं, की "हे पुस्तक बोलायलंय. तू बोल! आईला कसं सांगशील?" आता इतक्या मोठ्यानं घोकलेलं बोलताच येत नाही हो. मध्येच दम तुटतो आणि समजलंय तेवढंच तोंडात उरतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूसुद्धा मी चुकले की खिडकीत यायला लागल्या.

सेमिस्टरच्या शेवटी बाहेरून परीक्षक आले. त्यांनी विचारलं, घरातले दिवे समांतर का जोडतात? मग मनातल्या मनात तारेच्या त्या टोकाला बघितलं आणि सुटले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडलं तिथं मराठीत: लग्नातल्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ जाते, घराचं तसं झालं तर कसं चालेल? परीक्षकांनी खुर्ची मागं सरकवली. "पुरे, पुरे," ते हसत म्हणाले, "मला कळलं. बाहेरच्यांनाही कळलं असेल."

बाहेर भोंगाताईच होती. "आमची पोरगी पास!" तिनं तिथंच जाहीर करून टाकलं. खरा निकाल नंतर लागला, तोही तिनं सांगितला तसाच. तेव्हापासून अर्धी भरून ठेवलेली बॅग मी रिकामी करून माळ्यावर टाकली. काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

ती आता शेंद्र्याला एका कंपनीत सुपरवायझर आहे. तिथल्या मशिनींची मला दया येते. मी आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवते. परवा शेवटच्या बाकावरची एक मुलगी ओठातल्या ओठात पुटपुटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकू येत नाय!" वर्ग हसला. तीही हसली, आणि तेच उत्तर तिनं मोठ्यानं दिलं. तास संपवून बाहेर पडताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गेला रे भोंगा."

मी मुद्दामच वळून बघितलं नाही. सरळ शेंद्र्याला फोन लावला आणि स्टाफरूममधल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात ही बातमी ताईला सांगितली.