पदरातल्या गोळ्या

मनोरुग्ण कैद्यांना मिळणाऱ्या सेवांच्या पाहणीसाठी मी तुरुंगाच्या दारात प्रश्नावली घेऊन बसलो होतो. वालूरहून येणारी एक म्हातारी रोज दिसे. आतल्या लेकाच्या गोळ्या ती पदराच्या गाठीत आणायची आणि डॉक्टरची चिठ्ठी नाही म्हणून तशाच परत न्यायची. बाहेरचे डॉक्टर म्हणत, चिठ्ठी हवी तर आधी पेशंट आणा.

“पोराला आत टाकताना कुणाची चिठ्ठी लागली न्हाई. गोळीला लागायली,” ती म्हणाली.

मी तिला पुढचा प्रश्न वाचून दाखवला. समुपदेशनाबद्दल आपण अतिसमाधानी, समाधानी की अंशतः समाधानी? असमाधानाला आमच्या विद्वान समितीने रकानाच ठेवला नव्हता.

तिने अंगठ्याला शाई लावून घेतली.

“भाऊ, कुठं अंगठा लावला म्हंजे गोळी आत जाईल?”