सोमवारचं धुणं

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी 'शाश्वत पर्यटन आणि स्थानिक समाज' असा भारदस्त विषय निवडला, त्यामागचं खरं कारण एवढंच की जांभूळ गावाच्या पुढचं नदीकाठचं एक गाव आमच्या अंबरनाथहून रिक्षाने गाठता यायचं. दोन हजार सालानंतर तिथे सहलीला येणाऱ्यांची झुंबड उडायला लागली होती. सोमवार ते शनिवार मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. त्यामुळे संशोधन काय ते रविवारी.

माझ्या प्रश्नावलीत बावीस प्रश्न होते आणि मला तिचा फार अभिमान होता. अकरावा प्रश्न असा: 'पर्यटकांमुळे आपल्या दैनंदिन जीवनात अडथळा येतो का?' चाळीस घरं फिरले, चाळीसही घरांनी 'नाही' सांगितलं. मी हुरळून गेले. गाव आणि पर्यटक गुण्यागोविंदाने नांदतात, असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला. शेठ मात्र फॉर्म चाळून म्हणाले की, लग्नघरातसुद्धा इतकी माणसं एकच गोष्ट बोलत नाहीत. त्यांना संशोधनातलं काय कळतं, म्हणून मी सोडून दिलं.

त्या वर्षी चेटीचंड, म्हणजे सिंधी लोकांचं नववर्ष, सोमवारी आला आणि दुकान बंद राहिलं. गावातल्या ज्या मावशींच्या ओट्यावर बसून मी फॉर्म भरायचे, त्यांची एक सही राहिली होती, ती घ्यायला गेले. घराला कडी होती म्हणून नदीवर उतरले आणि पाहतच राहिले. अख्ख्या गावातल्या बायका तिथे होत्या. धुणं चाललं होतं, पोरांना न्हाऊ घालत होत्या, भांडत होत्या, खिदळत होत्या. इतक्या रविवारी मला इथे गावातली एकही बाई दिसली नव्हती. दिसायच्या त्या चटया, बिर्याणीची पातेली आणि पोहणारे पुरुष.

रविवारी का येत नाही, असं मी मावशींना विचारलं. बाहेरचे पुरुष पोहत असतात, म्हणून धुणं सोमवारी, असं त्यांनी गोधडी आपटता आपटता सांगितलं. मग अडथळा नाही असं का सांगितलंत?

"आमी जातच नाय, मंग अडथला कसला, बाय?"

घरी मी हे हसत हसत सांगितलं. कारखान्यातून निवृत्त झालेले माझे वडील हसले नाहीत.

"तुझी आजीही सांगायची, गावच्या विहिरीवर आपल्याला कुणी अडवत नाही म्हणून," ते म्हणाले. "ती त्या विहिरीवर कधी गेलीच नव्हती."

आमचं घर बौद्ध. आजीचं ते पाणी मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मला स्वतःचीच चीड आली.

प्रबंध द्यायला महिना उरला होता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आहे तसा देऊन टाक, पास होशील. मी अकरावा प्रश्न खोडला आणि नवा लिहिला: 'पर्यटक यायला लागल्यापासून तुम्ही काय करायचं सोडलं?' पुन्हा चाळीस घरं. तंगड्या तुटल्या, पण इतक्या गप्पा मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. फार मजेचे रविवार होते ते.

मावशी मात्र या प्रश्नावर म्हणाल्या, "माझी आय पवायची, मी पवते. पोरीला येत नाय. तिची शाला, तिला सुट्टी ऐतवारचीच."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा मावशी लेकीला घेऊन घाटावर निघाल्या होत्या. मागोमाग आणखी सात-आठ बायका, आपापल्या पोरी घेऊन. सोमवारी धुणं धुतानाच त्यांचं हे ठरलं होतं. त्या सरळ पाण्यात शिरल्या, आणि पोहणारे पुरुष न सांगता पलीकडे सरकले. मावशींनी लेकीच्या पोटाखाली हात धरला आणि मला हाक मारली. मलाही पोहता येत नव्हतं. मी फॉर्मची पिशवी दगडावर ठेवली आणि पाण्यात उतरले.