शाळेतला बेदाणा

बेदाण्याचं पाकीट फोडलं की गंधकाचा वास येतो आणि आमच्या वाडीची शाळा आठवते. पोरं उरली नाहीत म्हणून ती बंद पडली आणि एका बागायतदारानं बेदाणा निवडायला भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी आम्ही बायका चौथीच्या वर्गात ओळीनं बसून काड्या वेचत होतो. फळा बेदाण्याच्या क्रेटांमागं पार झाकून गेला होता. शेजारी आई होती. तिचा जन्म मेंढरांमागं गेलेला, शाळेच्या आत ती पहिल्यांदाच आली होती. तेवढ्यात मुकादमानं व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घाव घातला. तीच आमची जुनी घंटा! आम्ही सगळ्या ताडकन उठलो, हात जोडले, डोळे मिटले. "आवं, परार्थना न्हवं, च्याची घंटा हाय," मुकादम खो खो हसला. आम्हीही हसलो आणि पदर झटकून निघालो. आई मात्र तिथंच उभी, आमचं बघून जोडलेले हात तसेच. "म्हना की गं," ती म्हणाली, "मला कुटं येती?" कुणीच म्हटली नाही, चहा गार होत होता. पुढं बेदाणा निवडायला यंत्रं आली, शाळेला परत कुलूप लागलं. आईही गेली. प्रार्थना मला अजून तोंडपाठ आहे.