बाजारचं सूत

मुलांना शाळेत घालणं सक्तीचं झालं तेव्हा मी पनवेलजवळ खाडीकाठच्या एका गावात नवा मास्तर होतो. दिल्लीने घटनेत वचन दिलं, मुंबईने कायदा केला आणि आमच्याकडे तो परिपत्रकांच्या रूपाने पोस्टाने आला. मूल किती दिवस गैरहजर राहिलं की बापाला नोटीस काढायची, सगळं त्यात बारीक अक्षरात होतं. गळकं छप्पर कुणी शाकारायचं, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.

त्यातच शिक्षणाला हाताचा उद्योग जोडायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती, पण आमच्या वाट्याला आली सूतकताई. शाळेसमोर नजर जाईल तिथवर मिठागरं, घरोघरी मीठ पिकवणारी माणसं, कपाशीचं झाड कुणी पाहिलेलं नाही. दहा वर्षांचं पोर वारा बघून उद्या मीठ धरेल की नाही ते सांगे. तो उद्योग नव्हे. उद्योग म्हणजे टकळी, असं वरून कळवण्यात आलं होतं. कळवणाऱ्या शहाण्याने खारा वारा कधी अंगावर घेतला असेल असं मला वाटत नाही.

चौथीत मिठागरावरची एक मुलगी होती. सकाळी आईबापाबरोबर वाफ्यातलं मीठ ओढायची आणि मग शाळेत यायची. तोंडी हिशेबात ती माझ्या पुढे धावायची, आणि मला ते आवडत नसे, हेही सांगून टाकतो. चौथी पास झालीस तर पनवेलला मावशीकडे ठेवून पाचवीत घालीन, नाहीतर मिठागर आहेच, असं बापाने तिला सांगितलं होतं. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या मते उद्योगात पास झाल्याशिवाय पास नव्हतं.

मिठाच्या पाण्याने तिची बोटं भेगाळलेली असत. कापसाचा पेळू धरला की तंतू भेगेत अडकायचा आणि तुटायचा. अर्ध्या वर्गाची हीच गत होती. हेडमास्तरांनी मग आसपासच्या शाळांत चालत आलेला उपाय सांगितला. तपासणीच्या आदल्या दिवशी मी पनवेलच्या बाजारातून सुताच्या लड्या आणल्या आणि एकेका मुलाच्या नावाची चिठ्ठी बांधून टेबलावर मांडल्या. देश घडवण्याच्या कामातला माझा वाटा तो एवढाच.

तपासणीचे साहेब आले. शहाळं प्यायले, लड्या बोटांनी चाचपल्या, खूश झाले. तिच्या लडीपाशी थांबून त्यांनी तिला सहज विचारलं, "हे तू कातलंस?"

"नाय. बाजारचा हाय. गुर्जींनी आनलाय."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, अशा लड्या ते गावोगाव चाचपत आले होते. मी शेपूट घातली. म्हणालो, "बाकीच्यांनी स्वतःच कातलंय, साहेब. हिलाच जमत नाही, म्हणून हिची तेवढी आणली."

साहेबांनाही तेच ऐकायचं होतं. त्यांनी तिच्या हातात टकळी दिली. तंतू तीनदा तुटला. उद्योगात नापास, असा शेरा पडला आणि ती चौथीतच राहिली. शाळेचं नाव राहिलं, माझी नोकरी राहिली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, याची मला आजही लाज वाटते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, ती आली नाही. पण सक्ती चौथी पास होईपर्यंत होती, आणि नापास असल्याने ती अजून कायद्याच्या कचाट्यात होती. बापाला नोटीस गेली, आणि चौथीचा मास्तर म्हणून ती मीच काढली.

बाप तिला घेऊनच शाळेत आला. पावसात मिठागर बंद, दोघांचे पाय भातलावणीच्या चिखलाने भरलेले. त्याला अक्षर येत नव्हतं. कागद माझ्यापुढे धरून त्याने काय लिहिलंय ते विचारलं. मी हजेरीपट चाळू लागलो. शेवटी त्याने तो पोरीकडे दिला.

तिने वाचायला सुरुवात केली. 'पाल्याच्या शिक्षणाविषयी आपण दाखवलेली अनास्था', 'सबळ कारणाविना अनुपस्थिती', सगळं. हे शब्द मी परिपत्रकात दोनदा बघून उतरवले होते. ती एकदाही अडखळली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तिने भेगाळलेलं बोट कागदाच्या तळाशी ठेवलं आणि बापाला म्हणाली, "आनि खाली सही गुर्जींची हाय."