बाबांचे अकरा ड्राफ्ट

परवा रविवारी बाबांकडे दिल्लीतल्या द्वारकेला गेले आणि चांगलीच तोंडावर आपटले. सांगते...

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यांचं बोलणंच कमी होत गेलं. फोनवर 'जेवलो', 'झोपलो होतो', 'ठीक आहे'... बस. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी त्यांना ब्लॉग काढून दिला. साताऱ्याहून एकट्याने दिल्लीत येणं, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, स्वेटरशिवाय काढलेली पहिली थंडी... सांगण्यासारखं त्यांच्याकडे खूप आहे. मराठी टायपिंग तर ते दोन दिवसांत शिकले.

मी नोएडात एका कंपनीचं सोशल मीडिया बघते, त्यामुळे सल्ले द्यायची मला खोडच आहे. आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. टायटल छोटं ठेवा. फोटो नेटवरून उचलू नका, घरातला अल्बम काढा. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खा लेख चिकटवू नका, दोन ओळी आणि लिंक टाका, म्हणजे लोक ब्लॉगवर येतील. कमेंटला त्याच दिवशी उत्तर द्या... बाबा सगळं वहीत उतरवून घ्यायचे.

आणि ब्लॉग मात्र रिकामा! मी मोबाईलवर उघडून बघायची, एक ओळ नाही. विचारलं की "हो, चालू आहे." शेवटी मी चिडून म्हटलं, "नकोच असेल तर बंद करून टाकू." तर म्हणाले, "बघ, तुला योग्य वाटेल तसं."

रविवारी खरंच बंद करायच्या इराद्याने त्यांचा लॅपटॉप उघडला. आत ड्राफ्टमध्ये अकरा लेख! दर गुरुवारी एक, अल्बममधल्या फोटोंसकट. आणि प्रत्येकाच्या खाली एक ओळ: 'अनुमोदनार्थ प्रस्तुत'. ऑफिसातली हिंदी... म्हणजे मंजुरीसाठी साहेबांपुढे ठेवलंय.

"बाबा, हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठीच. ब्लॉग तू काढलास ना... मला वाटलं, तू बघून ओके करशील."

म्हणजे तीन महिने फाईल माझ्याच टेबलावर पडून होती आणि मी त्यांनाच रिमाइंडर पाठवत होते. इतकी लाज वाटली म्हणून सांगू...

शेवटचा लेख आईवर होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात करोल बागेतून तिच्यासाठी आणलेली शाल आणि ती दोघांत एकच कशी पुरवली त्याबद्दल. मी वाचत होते आणि बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले होते, साहेब आता काय शेरा मारतात या काळजीने. मला पुढचं दिसेना झालं.

"मंजुरी कसली, बाबा? तुमचं आहे, तुम्ही लावा."

"अगं, सगळी नोकरी ड्राफ्ट मी केले, सही साहेबांची. माझ्या नावाने कधी काही बाहेर गेलंच नाही."

तक्रार नव्हती त्यात. अगदी सहज म्हणाले. पण इतकी वर्षं मुलगी म्हणून मला हे कधी सुचलंही नव्हतं.

मग त्यांनी आईच्या लेखाखालची ती ओळ पुसली. लेखकाच्या जागी स्वतःचं नाव टाईप केलं, पुढे 'सेक्शन ऑफिसर, निवृत्त' असं लिहिलं. जरा थांबले... आणि पदनाम खोडून टाकलं. मला न विचारता पब्लिशचं बटण दाबलं.

तेव्हा मंडळी, कुणाला ब्लॉग काढून दिलात तर बाकीच्या टिप्स नंतर द्या. आधी विचारा, तुम्ही कुणाच्या होकारासाठी थांबलायत का?

आज सकाळी बाबांचा फोन आला. आपणहून! आईच्या लेखावर सहा कमेंट आल्यात. कोणी काय लिहिलं, आपण काय उत्तर दिलं, मग त्यावरून आईचं, क्वार्टरचं, शेजाऱ्यांचं... अर्धा तास बोलत होते. ऑफिसला उशीर झाला, पण मी मध्ये एक शब्द बोलले नाही.